डोंगर नसलेला किल्ला

लायडेन, नेदरलँड्स, ४ ऑक्टोबर

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबांचं कानाचं मशीन टेबलाच्या खणात सुखरूप आहे, हे आईकडून कळलं. म्हणून हे पत्र, तेही मोठ्या अक्षरात, भिंग लागू नये इतक्या.

बाबा, मागच्या फोनला तुम्ही विचारलंत, "तिकडे किल्ले आहेत का गं?" मी "आहेत" म्हणाले, तुम्हाला "नाहीत" ऐकू आलं आणि तुम्ही माझंच सांत्वन केलंत. तर आहेत. फक्त डोंगर नाहीत. गावाच्या मधोमध एक जुना कोट आहे, अकराव्या शतकातला, आणि त्याच्याखालची टेकडीसुद्धा माणसांनी माती टाकून केलेली. तुमच्या गुडघ्यांनाही जमेल, दोन मिनिटांत वर. पन्हाळा ते पावनखिंड चाललेल्या माणसाला हा गड म्हणवणार नाही, मला ठाऊक आहे. पण याच कोटावर चढून इथली उपाशी माणसं आपली गलबतं दिसतात का ते बघत उभी राहायची.

काल ३ ऑक्टोबर, म्हणजे लायडेनचा वेढा उठल्याचा दिवस. साल १५७४. गावाला अजून सुट्टी असते. स्पेनच्या राजाविरुद्ध इथल्या लोकांनी बंड केलं होतं, पुढारी विल्यम ऑफ ऑरेंज. स्पॅनिश सेनापती वाल्देस. त्याने तटाला भगदाडं पाडण्याच्या फंदात न पडता गावाभोवती साठेक छोट्या गढ्या उभारल्या आणि रस्ते, कालवे, बांध सगळे अडवले. तोफा कमी, उपासमार जास्त. सिद्दी जौहरने पन्हाळ्याला हेच केलं ना? पावसातही मोर्चे हलू नयेत म्हणून छपरं घातली, ते तुम्हीच मला चौथीत सांगितलं होतं.

पण मला खरा राग येतो तो लायडेनकरांचा. हा त्यांचा दुसरा वेढा. पहिला १५७३च्या ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत चालला. मग दुसरीकडे लढाई उभी राहिली म्हणून वाल्देस फौज घेऊन निघून गेला. पुढचे दोन महिने गाव मोकळं होतं. एवढ्या वेळात कोठारं भरायची, शत्रूने सोडलेल्या गढ्या पाडून टाकायच्या! विल्यम सांगत होता, पण संकट टळलं म्हणून सगळे निवांत. २६ मेला वाल्देस परत आला आणि आपल्याच तयार गढ्यांत जाऊन बसला. आई, तू जूनच्या आधी वर्षाचे तांदूळ भरून ठेवतेस त्यावर मी हसायचे. आता नाही हसत.

आई, तुझा प्रश्न मला माहीत आहे: खाल्लं काय त्यांनी? आधी भाकरी मोजून, मग घोडी, मग कुत्री-मांजरी, झाडांची पानं. त्यातच प्लेग. सुमारे सहा हजार माणसं गेली म्हणतात, आणि गाव सगळं मिळून पंधरा हजारांच्या आसपासचं. चांदी संपली म्हणून कागदाचे थर चिकटवून, दाबून नाणी पाडली. कागद चर्चच्या पोथ्यांचा. त्यांतल्या काहींवर लॅटिनमध्ये लिहिलंय, 'हे स्वातंत्र्यापायी'. भुकेला जमाव नगराध्यक्ष व्हॅन डर वेर्फच्या अंगावर गेला तेव्हा तो म्हणे म्हणाला, माझा हात कापून खा, पण गाव देणार नाही. दंतकथाच असावी. त्याचा पुतळा आहे इथल्या बागेत, मी शेजारच्या बाकावर डबा खाते, तेव्हा जरा अवघडल्यासारखं होतं.

आता बाबा, मुख्य गोष्ट. सुटका करायला पुरेसं पायदळ विल्यमकडे नव्हतं. त्याच्याकडे होते आरमारी बंडखोर. या लोकांना पूर्वी कुणा दरबाऱ्याने 'भिकारी' म्हणून हिणवलं, तर त्यांनी तेच नाव मिरवलं. पण लायडेन समुद्रापासून आत, जहाजं नेणार कशी? मग त्यांनी समुद्रच गावापर्यंत आणायचं ठरवलं. इथली जमीन समुद्रसपाटीच्या खाली, बांध घालून पिढ्यान्‌पिढ्या सुकवलेली. ऑगस्टच्या सुरुवातीला मास आणि आयसेल नद्यांचे बांध फोडायला घेतले. स्वतःची उभी शेतं स्वतः बुडवायची! 'गेलेल्या देशापेक्षा बुडालेला देश बरा' असं तेव्हा म्हणत. ज्याचं शेत बुडत होतं तो शेतकरी हे म्हणाला असेल का, असं मला दर वेळी वाटतं.

आणि पाणी चढेना. एक बांध फोडला की पुढे दुसरा, प्रत्येकावर स्पॅनिश पहारा. बोइसो नावाचा दर्यावर्दी सपाट तळाच्या होड्यांवर तोफा चढवून निघाला होता, पण पूर्वेचा वारा पाणी मागे लोटत होता आणि होड्या चिखलात रुतत होत्या. गावात आणि बाहेर निरोप कबुतरांवरून. (कबुतरं पाळणाऱ्या घराण्याला पुढे 'कबुतर-दूत' अशा अर्थाचं आडनावच मिळालं.) अखेर ऑक्टोबर उजाडता वादळ आलं. आधी वायव्येच्या वाऱ्याने समुद्राचं पाणी नद्यांच्या मुखात कोंबलं, मग वारा नैर्ऋत्येला फिरला आणि तेच पाणी लायडेनकडे ढकललं. ज्या शिवारातून गाई हाकायच्या तिथून रात्री गलबतं चालली, झाडांच्या शेंड्यांमधून, घरांच्या छपरांजवळून.

२ तारखेच्या रात्री गावाच्या तटाचा एक मोठा तुकडा आपोआप ढासळला. आत लोकांची पाचावर धारण बसली. आणि बाहेर स्पॅनिशांना वाटलं, आतले आता छापा घालणार! पाणी तर गढ्यांशी येऊन ठेपलेलं. रातोरात ते पळाले. तट पडला आणि गाव वाचलं, असं आपल्याकडच्या एखाद्या बखरीत वाचलंय का तुम्ही?

सकाळी एक पोरगा सोडून गेलेल्या गढीत शिरला, तर चुलीवर पातेलं, त्यात गाजरं-कांदे-मांसाचा रस्सा. ते पातेलं म्हणून एक पातेलं इथल्या संग्रहालयात ठेवलंय. गलबतांतून हेरिंग मासे आणि पांढरा पाव आला. काल सकाळी तोच प्रसाद गावात वाटला, रांग होती. रात्री घरोघर 'हुट्सपॉट', तोच रस्सा, फक्त आता गाजरांबरोबर बटाटे कुस्करून. तेव्हा इथे बटाटा नव्हताच. शेजारच्या आजींनी मला वाडगाभर दिला. आई, खरं सांगते, आजारी माणसाचं जेवण. मी घरी येऊन वर तूप-हिंग-मोहरीची फोडणी आणि एक लाल मिरची घातली. आजींना कळता कामा नये.

पुढच्या सप्टेंबरात तुम्ही दोघं या. विमानतळावर चाकांची खुर्ची सांगून ठेवते. बाबा, आत्ताच नाही म्हणू नका. बांधांवरचे रस्ते सपाट असतात, सावकाश चालू. एका बाजूला कालव्याचं पाणी वर असतं, दुसऱ्या बाजूला गाई खाली. ते बघितल्याशिवाय हा वेढा कळत नाही, मलाही पहिली दोन वर्षं कळला नव्हता.

रविवारी साडेसहाला फोन करते. मशीन खणातून काढा, सेल मी मागच्या पार्सलमध्ये घातलेत, हळदीच्या डब्याखाली.

तुमची,
ताई