मालवणच्या किनाऱ्यावर मला थांबवणाऱ्या दादांना

आदरणीय दादा,
सप्रेम नमस्कार.

दोन वर्षांपूर्वी तुम्ही मला स्कूबा डायव्हिंगसाठी होडीतून पाण्यात उतरू दिले नाही, त्याबद्दल हे आभाराचे पत्र आहे.

त्या दिवशी मी खूप खट्टू झाले होते. त्याआधीच्या मे महिन्यात, ऐन गर्दीच्या दिवसांत, दुसऱ्या एका ठिकाणी मला बुडीसाठी नेणाऱ्या माणसाने माझी कान दुखत असल्याची खूण न जुमानता सिलिंडरला धरून मला खाली नेले होते. फोटो छान आले, पण कानाला बसलेला दडा तीन आठवडे सुटला नाही. तरीही समुद्राची ओढ कमी झाली नव्हती. तुमच्याकडे आले तेव्हा मला सर्दी होती, ती तुम्ही माझ्या आवाजावरूनच ओळखलीत, हातातला मास्क परत घेतलात आणि म्हणालात, "घाई करू नकात. दर्या खंय पळान जावचो नाय." कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना कान दाखवूनच या, असेही बजावलेत. एका गिऱ्हाइकाचे पैसे बुडत होते, पण त्याचा विचार तुमच्या चेहऱ्यावर उमटलासुद्धा नाही.

महिनाभराने परतले, तेव्हा पाण्यात जाण्यापूर्वी तुम्ही वाळूत काठीने रेघा ओढून मला दाबाचे गणित शिकवलेत. पाण्याच्या पृष्ठभागावर हवेचा जितका दाब असतो, जवळजवळ तितकाच दाब दर दहा मीटर पाण्यामुळे वाढतो, म्हणजे दहा मीटरवर तो दुप्पट आणि वीस मीटरवर तिप्पट होतो; पण दुपटीचा हा फरक पहिल्या दहा मीटरांतच पडत असल्यामुळे नवख्याच्या कानांची परीक्षा खोल पाण्यापेक्षा वरच्या चार-पाच मीटरांतच अधिक होते, हे मला तोवर कोणीही सांगितले नव्हते. दुखू लागण्याआधीच नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचे, म्हणजे कानाच्या आतला दाब बाहेरच्याइतका होतो (सर्दीने नाक चोंदले की हेच नीट जमत नाही), दुखलेच तर हातभर वर यायचे, आणि वर येताना श्वास कधीही रोखायचा नाही, कारण छातीत कोंडलेली हवा दाब कमी होताच फुगते आणि फुप्फुसाला इजा करू शकते.

सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या खडपांपाशी त्या सकाळी पाणी गढूळ होते. नांगराच्या दोरीला धरून आपण उतरलो. दर हातभर अंतरावर तुम्ही थांबत होता, स्वतःच्या कानाकडे बोट दाखवत होता, आणि मी अंगठा व तर्जनी जुळवून 'ठीक' अशी खूण करेपर्यंत दोरीवरची तुमची मूठ सुटत नव्हती. तळाशी पोहोचल्यावर मी आधारासाठी खडकावर हात टेकणार, तोच तुम्ही माझे मनगट धरून मागे घेतलेत. तिथे तळहाताएवढे प्रवाळ होते. हात न लावता, पाय न टेकता, नुसत्या श्वासाच्या लयीवर तरंगायला मी त्या गढूळ पाण्यात शिकले. पुढे स्वच्छ पाण्यात गेल्यावर तेच सर्वांत जास्त उपयोगी पडले.

गेल्या फेब्रुवारीत अंदमानात स्वराज द्वीपाजवळ मी अठरा मीटरपर्यंत उतरले. सूर्यप्रकाशातला तांबडा रंग पाणी आधी शोषून घेते, त्यामुळे तिथे सारे निळसर दिसत होते. पोपटमासे प्रवाळ कुरतडत होते, आणि त्यांच्या दातांचा कुरकुर आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता. दोन वर्षांपूर्वी दडा बसलेल्या त्याच कानांनी मी तो ऐकत होते. मध्येच मास्कमध्ये पाणी शिरले. मी मास्कची वरची कड दाबून धरली, मान किंचित वर केली आणि नाकाने श्वास सोडून पाणी बाहेर काढले. वर येताना सुरक्षेसाठी पाच मीटरवर तीन मिनिटे थांबले तेव्हा हात आपोआप दोरी शोधत होता.

मे महिन्यात किनारा पुन्हा भरून जाईल. घाईत आलेल्या माणसाला थांबवणे तेव्हा किती अवघड असते, हे मला आता कळते, आणि म्हणूनच तुमचे उपकार मला अधिक मोठे वाटतात.

पावसाळा सरल्यावर समुद्र खुला झाला की मी माझ्या भाचीला तुमच्याकडे घेऊन येणार आहे. ती सतरा वर्षांची आहे आणि तिला चांगले पोहता येते. त्या आठवड्यात तिला साधी सर्दी जरी झाली, तरी मीच तिला कणकवलीला ठेवून घेईन आणि तुम्हाला पुढची तारीख मागेन.

आपली कृतज्ञ,
कणकवलीची एक शिक्षिका