संज्यास पत्र : धाकट्याची फोर-बाय-फोर

बेळगाव

प्रिय संज्या,

इकडे सगळे बरे. पावसाने आईचे गुडघे धरलेत, बाकी ठीक. हे दुसऱ्या कुणाला सांगून कळणार नाही, म्हणून तुला लिहायला बसलो.

धाकट्याने २०१८ ची व्ही-क्रॉस पिकअप सेकंडहँड घेतली ते तुला ठाऊकच आहे. दर आठवड्याला भाजी भरून चोर्ला घाटातून गोव्याला जातो. परवा मी शेजारी बसलो होतो. पावसाने उघडीप दिलेली, जांबोटीपर्यंत रस्ता कोरडा ठणठणीत, आणि याचा नॉब फोर-हायवर, म्हणजे चारी चाकांच्या ओढीवर! विचारलं तर म्हणतो, "पाऊस लागला तर? चारी चाकं ओढायलीत म्हणजे गाडी धरून राहते की." पंपाच्या काँक्रीटवर गाडी वळवताना स्टिअरिंग जड झालं, पुढची चाकं हिसके देत सरकली. त्याला वाटतं टायर संपलेत.

मर्दा, आण्णांच्या जीपवर हे आपण पहिल्या आठवड्यात शिकलो. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर फिरतात. या गाडीला मधे डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर, नाहीत. फोर-हाय टाकलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच वेगाला बांधले जातात. चिखलात टायर घसरून तो फरक सोडवतो. कोरड्या डांबरावर घसरणार कुठं? सगळा पीळ शाफ्टात आणि गिअरांत साठतो. जीपची फोर-बाय-फोरची लिव्हर अडकली की आण्णा गाडी सरळ रिव्हर्स घ्यायला लावायचे, आठवतं? खट्ट व्हायचं आणि लिव्हर लोण्यासारखी निघायची.

पण गिअर गेले तर पैसे घालून येतील. माझा जीव अडकलाय तो उतारात. चार चाकांच्या ओढीने गाडी सुटते जोरात, थांबते मात्र तेवढ्याच अंतरात. कणकुंबी सोडली की धुकं, वळणावर डोंगरातून आलेली लाल माती, हौदा गच्च भरलेला. चढाला गाडी घसरली नाही म्हणजे उतारालाही पकड आहे, असं त्याने धरून ठेवलंय. मातीच्या पट्ट्यापुरतं फोर-हाय टाक, मी नाही म्हणत नाही. वेग तरी कमी कर!

आणि शेताच्या पाणंदीत, जिथं खरी गरज, तिथं फोर-लो, म्हणजे चारी चाकांची सावकाश पण जोरकस ओढ, लावतच नाही. गाडी थांबवायची, क्लच दाबून न्यूट्रलला आणायची, नॉब फिरवून दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत धीर धरायचा, याचा त्याला कंटाळा. मग फोर-हायमध्येच रेस करतो, काळी माती टायरच्या खाचांत भरते आणि चारी चाकं जागेवर फिरतात. पहिल्या गिअरात फोर-लोवर ब्रेकला फारसा पाय न लावता गाडी कशी सावकाश उतरते, ते त्याने एकदा अनुभवायला हवं.

हो, ओढ्यातून आपली जीप फोर-लोने निघाली असं तू अजून सांगत फिरतोस म्हणे. चाकाखाली दगड मी लावले होते. त्यावर मी आजही ठाम आहे, ये आणि भांड.

वहिनींचं ऑपरेशन नीट झालं ना? नव्या नोकरीचं कळव. पोरीच्या दहावीचा कुंदा पाठवतोय.

माझं तो ऐकत नाही, थोरल्याचं कोण ऐकतं? तुझं ऐकेल, गाडी त्याला तूच शिकवलीस. रविवारी अकरानंतर घरी असतो, तेव्हा फोन लाव. रागावू नकोस, आधी गाडीचं कौतुक कर, मग उताराचं काढ. मी लिहिलंय हे बोलू नकोस.

तुझा,
दिल्या