करंगळी दिसते, डबल ड्रिबल दिसत नाही

रॉली, नॉर्थ कॅरोलिना
रविवार, रात्री उशिरा

प्रिय मंद्या,

ख्यालीखुशाली नंतर. आधी मला बोंब मारू दे.

काल कॉलेजची बास्केटबॉल मॅच बघायला गेलो होतो. सगळ्यात वरची रांग, खालचे खेळाडू कॅरमच्या सोंगट्यांएवढे. शेवटची ४० सेकंदं, आम्ही एका गुणाने मागे. आमचा पोरगा डावीकडून आत घुसला, उडाला, बॉल रिंगमध्ये गेलासुद्धा. आणि समोरचा डिफेंडर धाडकन आडवा. बेसलाइनवरच्या पंचाने शिट्टी मारून हात डोक्यामागे नेला. चार्ज! म्हणजे जागेवर उभ्या डिफेंडरला धडकल्याचा फाऊल, आमच्याच पोरावर. बास्केट रद्द, बॉल त्यांचा, मॅच संपल्यात जमा. माझ्या शेजारच्या सत्तरीच्या आजी जे बोलल्या ते लिहीत नाही, हे पत्र काकूंच्या हातात पडलं तर पंचाईत.

इथे कॉलेजच्या पुरुषांच्या खेळात २०२३-२४ पासून नियम बदललाय. हल्ला करणारा उडण्यासाठी शेवटचं पाऊल टेकवतो, तोवर डिफेंडरने जागा घेतलेली हवी. आधी तो हवेत जाईपर्यंत मुभा होती, त्यामुळे ऐनवेळी खाली सरकून पडणाऱ्यांचं पेव फुटलं होतं. हेतू चांगला आहे, मान्य. पण बघणाऱ्याने काय काय बघायचं? एकाचं पाऊल, दुसऱ्याची छाती, आणि रिंगखालची ती ४ फुटांची कमान, कारण मदतीला धावलेला डिफेंडर तिच्या आत असेल तर चार्ज देताच येत नाही. दोन डोळे आणि अर्धा सेकंद!

तू म्हणशील, मग रिप्ले बघायला मॉनिटर कशाला ठेवलाय? माझी खरी चिडचिड तिथेच आहे. २०२५-२६ पासून पुरुषांच्या मॅचमध्ये कोचला निर्णयाला आव्हान देता येतं, बायकांच्या मॅचमध्ये वर्षभर आधीच आलं. पण कशाला? बॉल बाहेर कोणाकडून गेला, गोलटेंडिंग झालं का (रिंगकडे खाली येणारा बॉल कोणी अडवला का), आणि डिफेंडर त्या कमानीत होता का. म्हणजे पायाखालची रेघ तपासतील, पण धडक ब्लॉक होती (चूक डिफेंडरची) की चार्ज, हे विचारायचंच नाही. काल आमचा कोच हात पसरून नुसता उभा.

२०१९ ची फायनल फोर आठवते, कॉलेज स्पर्धेतल्या शेवटच्या चार संघांची? तू पहाटे उठून बघितली होतीस. सेमीफायनलला व्हर्जिनिया ऑबर्नच्या दोन गुणांनी मागे, शेवटची काही सेकंदं. त्यांच्या टाय जेरोमचा बॉल सुटला, त्याने दोन्ही हातांनी पकडला आणि पुन्हा टप्पे मारणं सुरू, म्हणजे डबल ड्रिबल, उघड चूक. रिप्लेत लख्ख दिसतं. शिट्टी नाही! मग ०.६ सेकंद उरली असताना त्यांच्याच काइल गायला ऑबर्नकडून फाऊल, तीन फ्री थ्रो, तिन्ही आत, ऑबर्न ६२-६३ ने घरी. तो फाऊल खराच होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण डबल ड्रिबल मॉनिटरवर बघायची सोयच नाही. आणि दोनच दिवसांनी टेक्सास टेकविरुद्धच्या फायनलला, ओव्हरटाइममध्ये, बॉल टेकच्या मोरेत्तीच्या करंगळीला चाटून बाहेर गेला, तो मात्र रिप्ले बघून फिरवला! उघड्या डोळ्यांनी कोणाला दिसलं नसतं. दोन्ही वेळा फायदा व्हर्जिनियाचा, हा योगायोग. ऑबर्नवाल्याला जाऊन सांग म्हणा.

बरं, हे पंच कोणाचे पगारी नोकर नाहीत. मॅचगणिक मानधन, आज कॉलेजांच्या या गटात (कॉन्फरन्समध्ये), उद्या विमान पकडून दुसऱ्या. कित्येकांचा दुसरा कामधंदा असतो. २०१७ मध्ये केंटकीची टीम नॉर्थ कॅरोलिनाच्या टीमकडून दोन गुणांनी हरली, तेव्हा त्या मॅचच्या एका पंचाची नेब्रास्कात घरांची छपरं घालायची कंपनी आहे हे लोकांनी शोधून काढलं. त्याच्याकडून एक कौलही न बसवून घेतलेल्यांनी कंपनीला शेलक्या शिव्या लिहिल्या, फोनवरून धमक्या दिल्या. काल मीही ओरडत होतो, पण छपरापर्यंत जायचं म्हणजे हद्दच.

आता एक गोष्ट सांगतो, हसू नकोस. एम.एस. करताना मी इथल्या हौशी लीगमध्ये एक सेमिस्टर पंचगिरी केली. कॅम्पसवर चार पैसे मिळायचे आणि बास्केटबॉल आपल्याला येतं असा माज. तिसऱ्याच मॅचला मेकॅनिकलच्या दोन पोरांची अशीच टक्कर झाली. मी नेमका बॉल आत जातोय का ते बघत होतो. धप्प आवाज आला म्हणून मान वळवली, तर एक खाली पडलेला. शिट्टी तोंडात होती, वाजली. आता काहीतरी द्यायला हवं, म्हणून हात डोक्यामागे गेला. ठामपणे, अगदी कालच्यासारखा! पाऊल कोणाचं आधी पडलं, देवाला माहीत. पोरं माझ्याकडे बघत होती आणि मी कोऱ्या चेहऱ्याने टेबलाला बोटांनी जर्सीचा नंबर दाखवत होतो.

काल घरी येताना गाडीत तेच आठवत होतं. आणि ओघाने तुझा पाय मुरगळला होता ते वर्ष आठवलं. खेळता येत नव्हतं म्हणून आपल्या सिमेंटच्या कोर्टवर तू शिट्टी घेऊन उभा असायचास, आणि सिनियर्सच्या मॅचला मला पाचवा फाऊल देऊन बाहेर काढलं होतंस. मी आठवडाभर तुझ्याशी बोललो नव्हतो. खरं सांग, तेव्हा तुला दिसलं होतं की नुसता धप्प आवाज आला होता?

माझे पाय जागेवर होते, एवढं लिहून ठेवतो. काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
बाळ्या