विषय: घडीचा फोन घडी न घालता वापरण्याच्या आपल्या सल्ल्याबाबत

प्रति,
ग्राहक सेवा विभागप्रमुख

महोदय,

आपल्या कस्टमर केअरशी आज ४७ मिनिटं बोलून आत्ताच फोन ठेवला. या तक्रारीसाठी केलेला हा माझा सहावा कॉल. तो जुन्या फोनवरून करावा लागला, कारण आपला फोन उघडावा की मिटावा यावर आपल्याच माणसांचं अजून एकमत झालेलं नाही.

फोन कोणता, त्याची रचना कशी, हे आपल्याला सांगत बसत नाही. स्क्रीनसकट मधोमध दुमडणारा हा फोन आपणच बनवला आहे. दोष कुठे आहे तेवढं लिहिते. स्क्रीनच्या बरोबर मधोमध, घडीच्या रेषेवर, कंपनीतूनच चिकटवून आलेली फिल्म उचलली गेली. आधी तांदळाच्या दाण्याएवढा हवेचा फुगा होता. पंधरवड्यात तो घडीच्या सबंध रेषेवर पसरला आणि आता त्या पट्टीत बोट लावलं तर स्क्रीनला कळतच नाही. ही फिल्म ग्राहकाने काढू नये असं आपण खोक्यातल्या कागदावर ठळक छापलं आहे. मी काढली नाही. ती स्वतःहून निघाली.

तक्रार मी अकराव्या महिन्यात नोंदवली. वॉरंटी बारा महिन्यांची आहे. हे वाक्य या पत्रात पुन्हा येईल, कारण फोनवर सहा वेळा सांगूनही ते कुणी लिहून घेतलेलं दिसत नाही.

आता आजच्या कॉलबद्दल. पहिली २० मिनिटं होल्डवर गेली, त्याबद्दल माझी तक्रार नाही, त्याची सवय झाली आहे. मग एक गृहस्थ आले. आवाज नम्र होता. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही दिवसातून फोन साधारण किती वेळा मिटता?"

मला वाटलं, नोंदीसाठी विचारत असतील. म्हटलं, साठ-सत्तर वेळा.

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग, "हं... म्हणजे वापर जरा जास्तच आहे."

मी विचारलं, "जास्त म्हणजे? किती वेळा मिटायचा असतो?"

"तसं नाही मॅडम. पण गरज नसेल तेव्हा उघडाच ठेवला तर स्क्रीनचं आयुष्य वाढतं."

"उघडाच?"

"हो. शक्यतो."

"म्हणजे मिटायचाच नाही?"

"मिटू शकता मॅडम. मिटायला काहीच हरकत नाही. फक्त शक्यतो टाळा."

मी त्यांना हे पुन्हा म्हणायला लावलं, कारण आपण बरोबर ऐकलं यावर माझा विश्वास बसेना. त्यांनी पुन्हा म्हटलं, त्याच नम्र आवाजात. मग मी विचारलं, न मिटणारा फोन हवा असता तर तो याच्या निम्म्या किमतीत मिळत नव्हता का? यावर ते म्हणाले, "तुमची भावना मी समजू शकतो." माझी भावना त्यांनी समजून घ्यावी अशी माझी मागणी नव्हती. स्क्रीन बदलून द्यावी, एवढीच होती.

त्या गृहस्थांवर माझा राग नाही. समोर जे लिहून दिलेलं असेल तेच ते वाचत होते. राग लिहून देणाऱ्यावर आहे. छत्री विकायची आणि गिऱ्हाइकाला सांगायचं की शक्यतो पावसात नेऊ नका!

आता थोडा हिशेब करू. हा फोन २ लाख वेळा उघडमीट सहन करतो, असं आपल्याच जाहिरातीत आहे. रोज शंभर वेळा मिटला तरी तो ५ वर्षांहून जास्त टिकायला हवा. मी रोज ७० वेळा मिटला असं धरा. अकरा महिन्यांत होतात २३ हजारांच्या आसपास. २ लाखांचा आठवा हिस्साही भरत नाही. मग "जास्त वापर" कुठून काढला? आपली चाचणी यंत्राने होते, तेही बहुधा स्वच्छ खोलीत, ठरावीक वेगाने. यंत्राला खिसा नसतो, पर्स नसते. एका हातात पिशवी असताना दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने ते फोन उघडत नाही. हे ग्राहकाने सांगावं लागतं?

सर्व्हिस सेंटरचंही सांगते. तिथल्या तंत्रज्ञांनी भिंग लावून पाच मिनिटं स्क्रीन पाहिली आणि निदान केलं: "नखाचा दाब." मी माझी नखं दाखवली. कापलेली होती. तरी जॉबशीटवर, म्हणजे दुरुस्तीच्या नोंदीच्या कागदावर, "बाह्य दाबामुळे नुकसान" असंच आलं. मोह्सच्या कठीणतेच्या मापात माणसाचं नख साधारण २.५ वर येतं, आणि साध्या वाळूत असतो तो क्वार्ट्झ ७ वर. नखाने ज्याचं नुकसान होतं, त्याचं धुळीच्या एका कणापुढे काय होणार, ते आपल्या इंजिनिअरांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल. आणि धूळ आत जाते कुठून? मिटल्यावर बिजागरीपाशी जी फट राहते तिथून. फोन धूळ-पाणी किती अडवतो ते सांगणाऱ्या आय.पी. मानांकनात पहिला अंक धुळीचा असतो, दुसरा पाण्याचा. आपल्या खोक्यावर मला दोन्ही सापडले नाहीत. म्हणजे फट तुम्ही ठेवायची, मानांकन घ्यायचं नाही, आणि दोष माझ्या नखांचा.

ओरखडा तर कुठेच नाही, हेही लिहून ठेवा. फुगा नेमका घडीवर आहे, वर नाही, खाली नाही. मिटताना आतला थर चेपतो, बाहेरचा ताणतो, आणि मधला गोंद दोन्हीकडून ओढला जातो. रोज. कधीतरी तो सोडणारच. नखाने दाब द्यायचाच असता तर बरोबर मधली रेष धरून, या कडेपासून त्या कडेपर्यंत मी तो कशाला दिला असता? तंत्रज्ञांनी पुढे असंही विचारलं की फोन फार थंडीत उघडला होता का. थंडीत प्लॅस्टिक आणि गोंद कडक होतात, मान्य. मग उघडण्यापूर्वी हवामान पाहायचं, तर ते कुठे पाहायचं? फोनवरच ना?

नुसती फिल्म बदलून द्या म्हटलं, तर खालची स्क्रीनही दुखावली आहे म्हणाले. स्क्रीन बदला म्हटलं, तर ती एकटी येत नाही, फ्रेम आणि बिजागरीसकट अख्खा संचच येतो. त्याचा खर्च ऐकून मी खुर्चीत बसले. वॉरंटीत बसवा म्हटलं, तर वॉरंटी संपली! संपली, कारण तुम्ही पाच आठवडे "भाग मागवला आहे" सांगत होता. तक्रार मी अकराव्या महिन्यात नोंदवली. तुमच्याच तक्रार क्रमांकाचा तुमच्याच तारखेचा मेसेज माझ्याकडे आहे.

एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहायला हवी, नाहीतर तुम्हाला वाटेल मला हा फोन आवडलाच नव्हता. फार आवडला होता. शिंपल्यासारखे मिटणारे मोबाइल नव्वदच्या दशकात आले. त्या घराण्यातला एक फोन मी कितीतरी वर्षं वापरला. तो हातातून पडला, जिन्यावरून घरंगळला, कणकेच्या हातांनी उचलला गेला, तरी चालला. अर्थात त्याची स्क्रीन मिटत नव्हती, बिजागरीतून फक्त एक लवचीक पट्टी जायची, हे मला कळतं. इथे स्क्रीनच दुमडायची होती, काम अवघड होतं आणि तुम्ही ते करून दाखवलं. नको असलेला कॉल फट्कन मिटून संपवायचं सुख कितीतरी वर्षांनी परत मिळालं. अर्धवट उघडून टेबलावर ठेवला की व्हिडिओ कॉलला टेकू लागायचा नाही. बाहेरच्या नखाएवढ्या स्क्रीनवर फोन करणाऱ्याचं नाव आगगाडीच्या डब्यांसारखं एकेक अक्षर सरकत जायचं, त्याचंही मला हसूच यायचं. उन्हात घडीची रेष दिसायची, बोटाला लागायची. तीही मी मनावर घेतली नाही. पहिल्या खेपेच्या वस्तूत थोडं उणंअधिक असतंच, ते चालवून घ्यायची माझी तयारी होती. ज्यांनी सुरुवातीलाच विश्वास ठेवून पैसे मोजले त्यांच्याशी तरी नीट वागाल, एवढीच अपेक्षा होती.

मागणी एकच. स्क्रीनचा संच विनामूल्य बदलून द्या आणि बदललेल्या भागाची वॉरंटी लेखी द्या. पुढच्या फोनवर सवलतीचं कूपन नको, ते मागच्या आठवड्यात आलं, मी पुसून टाकलं. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर ग्राहक न्यायालयात जाईन. जॉबशीट, मेसेज, सहाही कॉलच्या वेळा, सगळं लावून ठेवलं आहे. आजचं संभाषण "दर्जा सुधारण्यासाठी" रेकॉर्ड होत असल्याचं तुमच्याच यंत्राने सुरुवातीला सांगितलं. ते जपून ठेवा. "शक्यतो टाळा" हे वाक्य मला तिथे सगळ्यांना ऐकवायचं आहे.

आपली,
अजून तरी ग्राहक

ता. क. आपल्या सल्ल्याप्रमाणे फोन सकाळपासून टेबलावर उघडाच ठेवला आहे. त्यावर धूळ बसते आहे. ती माझ्या नावावर मांडू नये.