दाढदुखीची गोळी देण्याआधी तीन प्रश्न विचारणाऱ्या फार्मसीवाल्या भावास

भाऊ,

स. न. वि. वि.

रात्री शटर अर्धं खाली आलेलं असताना कुणीतरी गालावर हात धरून येतं आणि म्हणतं, "दाढ ठणकते, काहीतरी स्ट्राँग द्या." गोळ्या मागच्याच फळीवर असतात. तरी तुम्ही आधी विचारता, "सूज आहे का? ताप आलाय? तोंड किती उघडतं?" हे पत्र त्या प्रश्नांसाठी. गोव्यात दातांचं काम करणारे आम्ही काही जण ते उघड लिहितोय, कारण हे प्रश्न घरातही विचारता येतात आणि त्याला डिग्री लागत नाही.

तोंड उघडण्याची तुमची परीक्षा आम्हाला फार आवडते. माणसाने स्वतःच्या हाताची तीन बोटं जोडून, उभी धरून, पुढच्या दातांमध्ये घालायची. मोठ्या माणसाच्या तोंडात साधारण तीन बोटं मावतात. एकच जात असेल, तर दाढेचा संसर्ग चावण्याच्या स्नायूंपर्यंत गेलाय असं धरून चालावं. अक्कलदाढेच्या बाबतीत हे नेहमीचं आहे. मग तुम्ही घोटभर पाणी देता आणि गिळताना बघता. पाणी ओठांतून परत येतंय, लाळ सारखी पुसावी लागतेय, तोंडात घास असल्यासारखा आवाज येतोय, जीभ वर ढकलली गेलीय आणि हनुवटीखाली दोन्ही बाजूंना लाकडासारखी कडक सूज आहे, तर ते दाताच्या डॉक्टरचंही काम राहत नाही. खालच्या दुसऱ्या-तिसऱ्या दाढेची मुळं जिभेखालच्या स्नायूच्या जोडणीपेक्षा खाली उतरलेली असतात, त्यामुळे तिथला पू तोंडात न फुटता मानेकडे सरकतो. लुडविग नावाच्या जर्मन डॉक्टरने हे १८३६ मध्ये लिहून ठेवलं आणि आजही या आजाराला त्याचंच नाव आहे. यात जीव जातो तो श्वासाची वाट बंद झाल्याने. अशा माणसाला आडवं करायचं नाही, बसवूनच ठेवायचं, १०८ ला फोन करायचा आणि बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजच्या, म्हणजे गोमेकॉच्या, कॅज्युअल्टीत न्यायचं. तिथे श्वासनलिकेत नळी घालता येते, शिरेतून औषध देता येतं, पू काढता येतो. दवाखान्यातल्या दाताच्या खुर्चीवर यातलं पहिलं काम होत नाही. वरच्या सुळ्याची सूज चढून डोळा मिटायला लागला असेल आणि अंगात ताप असेल, तरी वाट तीच.

सूज नाही, ताप नाही, नुसता ठणका आहे, तेव्हा तुम्ही अँटिबायोटिक देत नाही. यासाठी वेगळे आभार. अमॉक्सिसिलिन चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही असा कायदाच आहे, पण गिऱ्हाईक समोर तळमळत असताना कायदा आठवणं सोपं नसतं. कारण सांगितलं तर लोक ऐकतात, म्हणून इथे लिहितो. दाताच्या आतली नस कडक भिंतींच्या खोलीत असते. ती सुजली की पसरायला जागा नसते, दाब वाढतो, रक्त पोचत नाही. रक्तच पोचत नाही तिथे गोळी कशी पोचणार? पाच दिवसांचा कोर्स संपतो, कीड आहे तिथेच राहते. त्यातच कधीकधी नस पूर्ण मरते आणि ठणका एका रात्रीत थांबतो. माणूस म्हणतो, गोळी लागू पडली. दोन-तीन महिन्यांनी तोच गाल सुजतो. यावर इलाज दोनच, रूट कॅनाल नाहीतर दाढ काढणं.

दुखणं कमी करायला मात्र गोळी हवीच. दुसरा काही आजार नसलेल्या मोठ्या माणसाला आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम जेवणानंतर आणि सोबत पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम, दोन्ही सहा ते आठ तासांनी. एकापेक्षा ही जोडी जास्त काम करते. घोटाळा होतो तो पाकिटांच्या नावांत. कॉम्बिफ्लॅममध्ये आयबुप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५ आधीच आहे; त्यावर डोलो ६५० घेतली की एका वेळी पॅरासिटामॉलच ९७५ मिलिग्रॅम होतं. दिवसाला ४ ग्रॅमच्या वर जायचं नाही, आणि रोज पिणाऱ्याने तर त्याच्या बरंच खाली राहायचं. शेजाऱ्याने दिलेली केटोरॉल आयबुप्रोफेनच्याच जातीची आहे. दोन्ही एकत्र घेतल्याने आराम दुप्पट होत नाही, पोटातल्या रक्तस्रावाचा धोका मात्र वाढतो. किडनीचा आजार, अल्सर, रक्त पातळ करणारी गोळी, गरोदरपण असेल, तर आयबुप्रोफेन डॉक्टरला विचारल्याशिवाय नको. पावसाळ्यात आणखी एक. ताप आहे आणि डेंग्यूची शंका आहे, तर रक्त तपासून होईपर्यंत फक्त पॅरासिटामॉल. जूननंतर तुम्ही हे न चुकता विचारता, ते आम्हाला माहीत आहे.

"दाढेवर फेणीचा घोट धरला तर चालेल?" हा प्रश्न तुम्हाला आमच्याइतकाच ऐकावा लागत असणार. चालत नाही. फेणी दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचत नाही, गालाचं आतलं कातडं पांढरं पडून सोलून निघतं. हिरडीला दाबून धरलेली अ‍ॅस्पिरिनची गोळीही तशीच भाजते. लवंगेचं तेल कापसाच्या बोळ्यावर एक थेंब, तेही खड्ड्यातच. बाटली ओतायची नाही. शेक बाहेरून आणि थंड, कपड्यात बर्फ गुंडाळून दहा मिनिटं. गरम पिशवीने सूज वाढते. आणि फेणी घेणाऱ्याला चिठ्ठीवर मेट्रोनिडाझोल असेल तेव्हा तुम्ही पाकीट हातात देताना "ही संपेपर्यंत आणि वर तीन दिवस बंद" असं मोठ्याने सांगता. पोटात मळमळ, तोंड लालबुंद, छातीत धडधड हे सगळं टळतं.

जबडा दुखतोय म्हणून आलेल्या पन्नाशीच्या माणसाला तुम्ही "जिना चढल्यावर वाढतं का?" असं विचारता. चालल्यावर वाढणारं, बसल्यावर कमी होणारं, घाम आणणारं जबड्याचं दुखणं हृदयाचं असू शकतं. तिथे दाढ बघत बसायचं नाही, १०८.

आता दुधाची गोष्ट. संध्याकाळी फुटबॉलच्या मैदानावरून तुम्हाला फोन येतात, "पोराचा दात पडला, काय लावू?" तुमचं उत्तर आम्ही तोंडपाठ केलंय. "पक्का की दुधाचा?" दुधाचा असेल तर परत बसवायचा नाही, खालच्या पक्क्या दाताच्या कोंबाला इजा होते. पुढचे पक्के दात सहा ते आठ-नऊ वर्षांच्या दरम्यान येतात, त्यावरून अंदाज घ्यावा. पक्का असेल तर दात वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलायचा, मुळाला हात लावायचा नाही. मुळावर दिसेल न दिसेल असा ओलसर पडदा असतो. दात पुन्हा हाडाला धरेल की नाही हे त्या पडद्यातल्या पेशींवर असतं. माती लागली असेल तर थंड दुधाने किंवा सलाइनने काही सेकंद धुवायचा. रुमालाने पुसलं, नखाने खरवडलं की पडदा गेला. मूल शुद्धीवर असेल तर दात तिथल्या तिथे खोबणीत बसवून स्वच्छ रुमाल चावायला द्यावा. धीर होत नसेल तर कपभर थंड दुधात. नळाच्या पाण्यात ठेवला तर पेशी पाणी शोषून फुटतात. शहाळ्याचं पाणी आंबटपणाकडे झुकतं, दूध मिळत असताना ते नको. दात तासभर कोरडा राहिला तर पडद्यातल्या पेशी बहुतेक मेलेल्या असतात, म्हणून अर्ध्या तासाच्या आत खुर्चीत पोचायचं. मग साधारण दोन आठवडे शेजारच्या दातांना बारीक तारेने बांधून ठेवतात. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालं तेही विचारतात. आपल्याकडे कोपऱ्याकोपऱ्यावर दुधाची पिशवी मिळते, तरी दात कागदात गुंडाळून येतो याचंच वाईट वाटतं.

दात काढल्यानंतर रक्त थांबत नाही म्हणून येणाऱ्याला तुम्ही गॉझची जाड घडी देता आणि घड्याळ दाखवता. पुरी वीस मिनिटं दाबून चावायचं, मध्ये उघडून बघायचं नाही, थुंकायचं नाही, चूळ नाही. तरीही तोंड भरून रक्त येत असेल तर कॅज्युअल्टी. रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. पडलेली कॅप, दातातलं तुटलेलं सिमेंट, टोचणारी ब्रेसेसची तार, हे दुखत नसेल तर एक-दोन दिवस थांबतं. फक्त कॅपला फेविक्विक लावू नका, नंतर ती आम्हाला फोडूनच काढावी लागते.

कुठे पाठवायचं यातही तुमचा हिशेब पक्का असतो. दिवसा बांबोळीला गोमेकॉच्या शेजारीच गोवा दंत महाविद्यालय. रात्री-अपरात्री, सूज आणि ताप घेऊन आलेल्यांना म्हापशाचं जिल्हा इस्पितळ (जुनं आझिलो), मडगावचं जिल्हा इस्पितळ (जुनं हॉस्पिसिओ), नाहीतर थेट गोमेकॉ. "उद्या दुपारी जातो" म्हणणाऱ्याला तुम्ही हसत सांगता, दुपारी दवाखाने झोपतात, सकाळी जा.

आणि तो चिठोरा. बिलाच्या पाठीमागे तुम्ही लिहून देता: कोणती गोळी, किती मिलिग्रॅम, किती वाजता, कशाची अ‍ॅलर्जी. रुग्ण बोलण्याच्या अवस्थेत नसतो, सोबत आलेल्याला काही माहीत नसतं, तेव्हा त्या चार ओळींवरून भुलीचं आणि पुढच्या औषधाचं ठरतं. एवढंच करा, वेळ लिहिताना सकाळ की रात्र तेही लिहा. "७" एवढ्यावरून कळत नाही.

देव बरें करूं.

आपले,
गोव्यात दातांचं काम करणारे काही जण