ऋण सोडायचं म्हणजे नेमकं काय करायचं? वकील मित्रास पत्र

प्रिय अरविंद,

सप्रेम सलाम.

तुझं पत्र पोचलं. प्रश्न अगदी वकिली आहे. येशू एकीकडे म्हणतो की मोशेच्या नियमशास्त्रातला कानामात्राही ढळणार नाही आणि दुसरीकडे सातांच्या सत्तर वेळा क्षमा करायला सांगतो, मग एवढी माफी वाटल्यावर कायदा शिल्लक राहतो कुठे, असं तू विचारतोस. पहिलं वाक्य बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या ५ व्या अध्यायातलं, दुसरं १८ व्यातलं. लोक ही दोन वाक्यं वेगवेगळ्या रविवारी ऐकतात, म्हणून त्यांना हा प्रश्न पडत नाही. तू दोन्ही एका बैठकीत वाचलीस, म्हणून अडखळलास.

माझ्या मते या क्षमेला हिशेब लागतो. किती घेतलं, किती बुडालं, कोणाचं बुडालं हे मांडल्याशिवाय ती देताच येत नाही. मराठी बायबलातली प्रभूची प्रार्थना बघ. मत्तयात तिथे पाप हा शब्द नाही, ऋण आहे: आमची ऋणे आम्हांस सोड. मूळ ग्रीकमधलं "सोड" हे क्रियापद म्हणजे धरलेलं सोडून देणं, जाऊ देणं. पेत्र आणि अंद्रिया हे कोळी भाऊ जाळी सोडून येशूच्या मागे गेले तिथेही हेच क्रियापद आहे. आपल्या मराठीत जाळंही सोडतात आणि कर्जही सोडतात, त्यामुळे भाषांतरात काही हरवलेलं नाही.

आता कायद्याची बाजू. सर्वांत मोठी आज्ञा कोणती, असं एका शास्त्र्याने येशूला विचारलं. ज्यू परंपरा नियमशास्त्रातल्या आज्ञा ६१३ मोजते, तेव्हा प्रश्न साधा नव्हता. येशूने दोन सांगितल्या: देवावर पूर्ण जिवाने प्रीती कर, आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर. दोन्ही जुन्याच. पहिली जुन्या करारातल्या अनुवाद या पुस्तकात, ६:५, दुसरी लेवीय या पुस्तकात, १९:१८. ही दुसरी जिथे आहे तिथलं शेजारपाजार वाच, म्हणजे प्रीती या शब्दाचा अर्थ कळेल. शेताच्या कडेचं पीक कापू नको, ते गरिबाला आणि परक्याला ठेव. मजुराची मजुरी सकाळपर्यंत स्वतःकडे ठेवू नको. आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नको. तराजू आणि वजनं खरी ठेव. या सगळ्याच्या मधोमध "शेजाऱ्यावर प्रीती कर" येतं. भावना कुठे दिसते का? संध्याकाळी मजुराच्या हातावर पैसे पडले की आज्ञा पाळली गेली. निर्गम २३ तर शत्रूचा बैल भरकटलेला दिसला तर त्याच्या घरी नेऊन सोड, त्याचं गाढव ओझ्याखाली बसलं असेल तर हात लाव, असं सांगतं. शत्रू आवडायला लागला पाहिजे अशी अट नाही. प्रेषित पौल रोमकरांना लिहितो की प्रीती हे नियमशास्त्राचं पूर्णपणे पालन आहे, ते या अर्थाने. आमचे काही प्रचारक प्रीतीला नुसतं हळवं करून ठेवतात, ते मला पटत नाही.

क्षमेचा आकडा मत्तय १८ मधल्या दाखल्यात आहे. चाकरावर राजाचं १०,००० तालंतांचं कर्ज, आणि त्या चाकराचं सोबत्याकडे १०० दिनार येणं. राजाने सगळं सोडलं, चाकराने मात्र सोबत्याला सोडलं नाही. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, आणि तालंत म्हणजे साधारण ६,००० दिनार. म्हणजे राजाचं येणं ६ कोटी दिवसांची मजुरी. वर्षाला ३०० दिवस काम धरलं तर फेडायला २ लाख वर्षं. आजची मजुरी ५०० रुपये धरलीस तर एकीकडे ३,००० कोटी आणि दुसरीकडे ५० हजार. योसेफस या इतिहासकाराने हेरोद अंतिपाच्या गालील आणि पेरिया मुलखाचा वर्षाचा महसूल २०० तालंत दिला आहे. ऐकणारे गालीलचेच. त्यांच्या राज्याचा ५० वर्षांचा महसूल एका चाकराच्या डोक्यावर आहे, हे ऐकून लोक हसले असावेत.

पण दुसरा आकडाही छोटा नाही, आणि हे प्रवचनात सहसा राहून जातं. १०० दिनार म्हणजे चार महिन्यांची कमाई. ज्याचे चार महिने कोणी बुडवले त्याला "एवढंसं तर आहे, सोडून दे" म्हणायला या दाखल्याचा आधार नाही. त्याचं नुकसान खरं आहे, फक्त ते एका फार मोठ्या सुटकेच्या शेजारी ठेवून बघायचं आहे.

सातांच्या सत्तर वेळांचा उगमही तुला आवडेल. उत्पत्ती ४ मध्ये, भावाचा खून करणाऱ्या काइनाचा वंशज लामेख बायकांपुढे फुशारकी मारतो की काइनाचा सूड सातपट, तर माझा सत्त्याहत्तरपट. पुढे नियमशास्त्राने डोळ्याबद्दल डोळा अशी मर्यादा घातली, म्हणजे एका डोळ्यासाठी दोन काढायचे नाहीत. येशूने लामेखाचाच आकडा उचलला आणि सुडाऐवजी क्षमेला लावला. ग्रीक शब्दातून ७७ निघतात की ४९० यावर वाद आहे, पण मोजत बसणाऱ्याने मुद्दा सोडलाच म्हणायचा.

आता प्रत्यक्ष करायचं कसं? समज, मंडळीतल्या, म्हणजे आपल्या चर्चमधल्या, एकाने मुलाच्या फीसाठी दुसऱ्याकडून जूनमध्ये ४०,००० रुपये घेतले. दिवाळीला देतो म्हणाला. फेब्रुवारी उजाडला, पैसे नाहीत, आणि आता तो उपासनेला मागच्या बाकावर बसून आशीर्वचनाआधीच निघून जातो. पहिलं पाऊल कोणी टाकायचं? दोघांनी. मत्तय ५:२३ म्हणतो, वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव आणि जा. ही आज्ञा देणेकऱ्याला. मत्तय १८:१५ म्हणतो, भावाने तुझा अपराध केला तर तू त्याच्याकडे जा. ही घेणेकऱ्याला. दोघंही निघाले तर वाटेतच भेटतील. त्यातही वेदी यरुशलेमेत आणि ऐकणारे गालीलचे, १०० किलोमीटरहून लांब. पायी तीन-चार दिवस जायला, तितकेच परत यायला. अर्पणाचं जनावर वेदीपुढे सोडून एवढं चालायला सांगणं म्हणजे समेटाला उपासनेआधीचा नंबर देणं.

१८ व्या अध्यायाच्या पायऱ्या तीन. आधी दोघंच, एकांतात. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर नाही, बायकोच्या बहिणीमार्फत निरोप पाठवून नाही. एकच बाब बोलायची, रक्कम आणि तारखेसकट. मागच्या लग्नातला मानपान त्यात आणला की पायरी मोडली. ऐकलं नाही तर एक-दोघांना बरोबर न्यायचं. हे अनुवाद १९:१५ मधलं साक्षीदारांचं कलम आहे, आणि इथेच बहुतेक जण चुकतात. साक्षीदार म्हणून आपल्या बाजूचे दोन नेतात. मग समोरच्याला तो घेराव वाटतो. साक्षीदार दोघांनाही चालणारे हवेत, आणि त्यांना तूच चुकलेला दिसलास तर तू मागे घ्यायचं, एवढी तयारी हवी. तरीही नाही, तर मंडळी, म्हणजे व्यवहारात पाळक आणि पंच. तेही ऐकलं नाही तर तो तुला परराष्ट्रीय किंवा जकातदार, म्हणजे लोकांना नकोसा झालेला करवसुलीवाला, यांच्यासारखा. लोक याचा अर्थ बहिष्कार लावतात. पण येशू जकातदारांच्या पंगतीला बसत होता, आणि हे शुभवर्तमान ज्याच्या नावावर आहे तो मत्तय स्वतः जकातदार होता. तेव्हा नातं तुटलं हे मान्य करून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, असा अर्थ मला जास्त पटतो.

देणेकऱ्याचं काम जुन्या करारातल्या गणना या पुस्तकात, ५:७ मध्ये, आहे: कबुली, पूर्ण भरपाई, वर पाचवा हिस्सा. म्हणजे ४०,००० वर ८,०००, एकूण ४८,०००. कबुलीचे शब्द महत्त्वाचे. "तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी" यात अपराधच नाही, फक्त तुझा हळवेपणा आहे. "मी जूनमध्ये ४०,००० घेतले, दिवाळीचा शब्द दिला, पाळला नाही, आणि तुला टाळत राहिलो. पुढच्या महिन्यापासून ४,००० देतो, बारा महिन्यांत फिटतील" ही कबुली. लूकच्या शुभवर्तमानातल्या जक्कय या जकातदाराने याच्याही पुढे जाऊन चौपट परत द्यायचं कबूल केलं. आपणहून कबूल होणाऱ्याला पाचवा हिस्सा पुरत होता. चौपट हा निर्गम २२ मध्ये मेंढरू चोरून कापणाऱ्याचा दर. त्याने स्वतःला चोराच्या कलमाखाली बसवलं.

आणि घेणेकऱ्याने काय सोडायचं? वरचे ८,००० सोडता येतील, हवं तर सगळेच. पण ते तोच सोडू शकतो. दुसऱ्याचे पैसे पाळकाला माफ करता येत नाहीत. एकदा सोडले की पुन्हा मागायचे नाहीत, चारचौघांत टोमणा मारायचा नाही, पुढच्या भांडणात ते पान उघडायचं नाही. मनातली वसुलीसुद्धा बंद. मार्क ११:२५ प्रार्थनेला उभं राहतानाच क्षमा करायला सांगतो, समोरच्याची वाट न बघता. लूक १७:३ मात्र "त्याने पश्चात्ताप केल्यास" म्हणतो. मी असं लावतो: मनातलं येणं आजच सोडायचं, पण व्यवहार आणि विश्वास पूर्ववत व्हायला त्याचा पश्चात्ताप दिसावा लागतो. क्षमा केलेल्या माणसाला दुसऱ्यांदा उसने दिलेच पाहिजेत, असं कुठेही लिहिलेलं नाही.

सगळ्यात जास्त बिघडतं ते घाईने. दोघांना पुढे बोलवायचं, हातात हात द्यायचा, प्रार्थना, चहा, फोटो. ४०,००० तिथेच. सहा महिन्यांत भांडण दुप्पट होऊन परत येतं, आणि आता त्यात देवाचं नावही गुंतलेलं असतं. त्याहून वाईट म्हणजे कमजोराकडून क्षमा वसूल करणं. नवऱ्याचा मार खाल्लेल्या बाईला "क्षमा कर आणि घरी जा" सांगणारा सल्लागार दोन वेगळ्या गोष्टी एक करतो. ती मनाने त्याला सोडूही शकेल, पण त्या घरात परत जाणं हा क्षमेचा भाग नाही. लहान मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची गोष्ट मंडळीत मिटवणं हे तर पापही आहे आणि गुन्हाही. पॉक्सो कायदा, २०१२ चं कलम १९ पोलिसांना कळवण्याची सक्ती करतं आणि न कळवणाऱ्याला कलम २१ शिक्षा देतं, हे तुला मी काय सांगायचं. रोमकरांस १३ मध्ये शासनाच्या हातातली तलवार देवानेच दिलेली आहे. पीडित आपला दावा सोडेल, सरकारचा खटला तिचा नाहीच सोडायला.

वसईकडच्या तुझ्या कॅथलिक अशिलांचं विचारलं होतंस. त्यांच्याकडे धर्मगुरूपुढे पापनिवेदन असतं: आधी स्वतःची झडती, मग पश्चात्ताप, कबुली, पापमोचन, आणि नेमून दिलेलं प्रायश्चित्त. पण चोरलेलं परत करायची जबाबदारी पापमोचनाने संपते असं तेही मानत नाहीत. आमच्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत प्रभुभोजनाआधी प्रत्येकाने स्वतःची परीक्षा करायची, १ करिंथ ११:२८ प्रमाणे. सोय आमच्यात जास्त, म्हणून पळवाटाही जास्त.

शेवटी एक कागद सुचवतो, तुझ्या धंद्यातला. फिलेमोनाला पत्र, जेमतेम पानभर, २५ ओव्या. ओनेसिम हा फिलेमोनाचा दास त्याच्यापासून दूर गेलेला, कैदेत असलेल्या पौलाकडे पोचलेला, आणि पौल त्याला परत पाठवतोय. १८ व्या ओवीत पौल म्हणतो, त्याने तुझं काही बुडवलं असेल, तो तुझं काही देणं लागत असेल, तर ते माझ्या हिशेबी मांड. १९ व्या ओवीत तो स्वतःच्या हाताने लिहून देतो की मी फेडीन. वधस्तंभाचा, म्हणजे येशूच्या क्रुसावरच्या मरणाचा, अर्थ सांगताना आमच्याकडे पुष्कळदा याच ओळी घेतात, कारण कलस्सैकरांस २:१४ मध्येही खिळ्यांनी ठोकलेला एक ऋणलेखच आहे. सही आहे, रक्कम कोरी आहे, आणि हमी देणारा स्वतः तुरुंगात. हमीपत्र म्हणून तुझ्या कोर्टात हे कितपत टिकेल, ते वाचून कळव.

वहिनींना आणि मुलांना सलाम.

तुझा,
मित्र