खंडेनवमीच्या आधी

गुहागर, २४ सप्टेंबर २०२५

चि. निलेश यास अनेक आशीर्वाद.

रविवारी तू हरणाच्या शिकारीला जाणार, झाडावर स्टँड बांधून बसणार असं सांगत होतास, तेव्हा बोलता बोलता मी फोन आईच्या हातात दिला आणि मागच्या दारी निघून गेलो. ते मनाला लावून घेऊ नकोस. राग शिकारीचा नव्हता. ताईने तुला काय सांगितलं असेल याची कल्पना आहे, म्हणून हे आधीच लिहून टाकतो. आपल्या घराला पारध नवी नाही. आजोबांची ठासणीची बंदूक माजघरात खुंटीला असायची. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करायला मी त्यांच्यामागून चालत जायचो. पुढे १९७२ चा वन्यजीव कायदा आला आणि त्यांनी डुकरामागे जाणं सोडलं.

मिशिगनमध्ये अकरा डॉलरचं मूळ लायसन्स, वर वीस डॉलरचं हरणाचं, मारलं की ७२ तासांत नोंद, हे तू समजावून सांगितलंस आणि मला पटलं. मागच्या हिवाळ्यात हरीण आडवं येऊन तुझ्या गाडीचं काय झालं तेही मी विसरलेलो नाही. डोक्यात राहिलं ते तुझं शेवटचं वाक्य, झाडावर अंगाला बांधायच्या सुरक्षा-पट्ट्याचं. ‘हार्नेस पुढच्या वर्षी घेईन बाबा, यंदा बजेट संपलं.’

आणि बजेट का संपलं तेही मला माहीत आहे. मे महिन्यात कौलांचे पैसे तूच पाठवलेस.

फोटो मी मोठे करून चार-चारदा पाहिले. जुना क्रॉसबो, म्हणजे ते दांड्यावर आडवं बसवलेलं धनुष्य, घेतलास यात काही वावगं नाही, आणि टोकांना चाकं नसलेला साधा घेतलास हे तर फारच बरं केलंस. त्याची दोरी तुला घरी बदलता येईल, चाकांचा असता तर पाती दाबून धरणारा प्रेस असलेल्या दुकानात न्यावा लागला असता. पण दोरीच्या मधल्या गुंडाळीचे धागे सुटलेले दिसतात. हंगामाआधी नवी घाल आणि मेण चोळत जा. धनुष्याच्या दोन्ही पात्यांवरून कापसाचा बोळा हलकेच फिरव. कुठे तंतू अडकला तर तिथे चीर आहे असं समज, मग तो कितीही स्वस्तात मिळालेला असो, ओढू नकोस. बोल्ट, म्हणजे त्याचे आखूड बाण, हलके मिळतात म्हणून घेऊ नकोस. वजन कमी पडलं की सगळा धक्का पात्यांवर येतो, जवळजवळ बोल्टशिवाय रिकामा सोडल्यासारखाच. आणि डाव्या हाताचा अंगठा दांड्याच्या वर येता कामा नये. ती दोरी बोट ठेवणार नाही.

हे सगळं तुला शिकारीच्या कोर्समध्ये शिकवलंच असणार. वीस यार्डांवरून पाच बोल्ट नारळाएवढ्या जागेत मारलेस तो फोटो मी बाजारात दोघातिघांना दाखवला. आईला सांगू नकोस.

आता झाडाचं. ते लिहायचं नाही असं ठरवून बसलो होतो.

दत्तूकाकाला तू ओटीवर अडकित्ता घेऊन बसलेलाच पाहिलास. तो कसा चढायचा ते मी पाहिलं आहे. पायात दोरीचं कडं, कमरेला कोयती, आणि एका पोफळीवरचे घड उतरवून झाले की शेंडा झुलवून दुसरी पोफळ पकडायची, खाली उतरायचंच नाही. अशी अख्खी रांग तो वरच्या वर संपवायचा. १९८४ साली पडला तो झुलताना नाही. काम आटोपून खाली येत होता, जमीन दोन पुरुष राहिली असेल. मी चहाचा तांब्या घेऊन खालीच उभा होतो. चिपळूणपर्यंत जीपमध्ये त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि तो सारखा विचारत होता, माझे पाय कुणी धरलेत का. कुणीच धरले नव्हते.

म्हणून सांगतो, तासन्‌तास स्टँडवर बसून राहण्यात धोका कमी. धोका चढताना, उतरताना आणि शिडीवरून फळीवर पाय टाकताना असतो. पट्टा जमिनीवरच झाडाला अडकला पाहिजे, वर पोहोचल्यावर नाही. क्रॉसबो पाठीला लावून चढायचं नाही. बोल्ट न लावता दोरीने मागाहून वर ओढून घ्यायचा. बांधलेला पट्टा आखूड हवा, म्हणजे निसटलास तरी हातभरच खाली येशील. आणि लटकलास तर पाय टेकवायला फास हवा, नुसतं लोंबकळत राहिलं की मांडीचे पट्टे रक्त अडवतात. कंपनीत दुरुस्तीच्या शटडाउनच्या वेळी मुदत संपलेले बेल्ट मी स्वतः कापून टाकायचो, कुणी परत वापरू नयेत म्हणून. तुझ्या मित्राच्या स्टँडबरोबर जो आला आहे त्यावरची तारीख मला वाचून दाखव.

बघ, सुरू झालं माझं. तीस वर्षं कंपनीतल्या पोरांना हेच सांगण्यात गेली, ती सवय जात नाही. तू चौतीस वर्षांचा आहेस, माफ कर.

पण एक विचार कर. चढायचंच कशाला? हातधनुष्यवाल्याला हरणासमोर उभं राहून दोरी ओढावी लागते, तुझी तर आधीच ओढलेली असते. बसल्या जागेवरून, मांडीवर टेकवून सोडता येतो. पडलेल्या ओंडक्याआड एक घडीचं स्टूल टाकलंस तरी भागेल, वारा तेवढा तोंडावर हवा. वर बसून नेम धरताना पातं खोडाला किंवा कठड्याला आपटायची भीतीही राहत नाही.

आजोबा झाडावरच्या माळ्यावर कधी बसले नाहीत. नऊ वर्षांचा होतो तेव्हा एकदाच मला नेलं होतं, पहाटे, वरीच्या शेताच्या बांधाआड. खिशातून चुलीतली राख काढली आणि चिमटीतून सोडली. ती आमच्याकडे आली तसे ते बसले. मला खोकला येत होता तर त्यांनी आपला पंचा माझ्या तोंडात कोंबला. डुक्कर आलं, चांगलं मोठं, इतकं जवळ की त्याच्या चावण्याचा आवाज येत होता. त्यांनी बंदूक खांद्याला लावली आणि तशीच खाली घेतली. का, ते घरी येईपर्यंत बोलले नाहीत. दारात पाय धुताना म्हणाले, मागे हाकाऱ्यातला गोविंदा होता, त्याचं मुंडासं दिसलं. नंतर सबंध दिवस कुणाशी बोलले नाहीत. हे तुला याआधी कधी सांगितलं नव्हतं वाटतं.

१५ नोव्हेंबरला तिथे बंदुकवाले जंगलात शिरतात असं तू म्हणालास. त्या पंधरवड्यात नारंगी जाकीट घालायचं आणि शक्यतो एकट्याने जायचं नाही. कुठे बसणार ते निघण्याआधी सूनबाईला नकाशावर दाखवून जा.

यंदा खंडेनवमी १ ऑक्टोबरला आहे आणि तुमचा हंगामही त्याच दिवशी उघडतो, हे आईच्याच लक्षात आलं. इथे मी कोयता, पहार, दत्तूकाकाची कोयती पूजेला मांडणार. तू क्रॉसबो मांड, हळदकुंकू वाहा, पण शेजारी हार्नेस असला पाहिजे. आणि तो अंगात घालून सूनबाईकडून पाठीमागून फोटो काढून घे, पट्टा झाडाला अडकलेला दिसेल असा. मला पाठव.

तुझे
बाबा

ता. क. न्यू जर्सीहून ताई तुला १०० डॉलर पाठवते आहे, तिचे मी इथे फेडेन. ते दुसऱ्या कशावर खर्च करू नकोस. बोल्टवरही नको.